पुढचे एक, मागचे दुसरे

सोमवार, ४ तारीख

बॅटरीवाल्या कंपनीने दिलेली ही डायरी तीन महिने काउंटरच्या खणात पडून होती. आजपासून लिहिणार. परवा एक गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं, "तुम्ही मला असं काही बोललाच नव्हता." बोलले होते. चार वेळा बोलले होते. तेव्हा आता ज्याला ज्याला 'नाही' म्हटलं त्याचं इथे लिहून ठेवायचं. शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचायचं मलाच आहे.

आज 'नाही' म्हटलं दातांच्या डॉक्टरला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. या माणसाने पोट भरून वर स्पोर्ट्स कार घेतली. निळी, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. मागचे दोन टायर पार गुळगुळीत. असल्या गाड्यांचा सगळा जोर मागच्या चाकांवर, म्हणून मागचे रुंद असतात आणि आधी संपतात. पुढचे मीच मागच्या वर्षी चढवलेत. मऊ रबराचे, रस्त्याला घोरपडीसारखे चिकटतात. ते अजून निम्मे शिल्लक आहेत. त्याच मॉडेलचे मागचे यायला तीन आठवडे लागतात. डॉक्टर म्हणाला, "मला रविवारी क्लबाबरोबर डोंगरात जायचंय. तुमच्याकडे दुसऱ्या मॉडेलचे याच मापाचे आहेत ना? तेच चढवा."

आहेत. पण ते लांब प्रवासाच्या गाड्यांचे, कडक रबराचे. म्हटलं, "डॉक्टर, पुढच्याने रस्ता धरला आणि मागच्याने सोडला की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. कोरड्यात कदाचित कळणार नाही. ओल्यात कळेल, आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो."

"टॅक्सीवाल्यांना तर तुम्ही चार चाकांना चार तऱ्हेचे टायर देता."

"टॅक्सी पोटावर चालते. ही नखांवर पळते. मी तुमच्याकडे दाढ घेऊन आले तर कुठली पकड घ्या ते सांगते का?"

हसला. गेला मात्र तोंड पाडून.

धाकटी काउंटरवरून ऐकत होती. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पंधरावी झालेली. मी शाळा सोडून वडिलांबरोबर पंक्चरं काढली म्हणून तिची पंधरावी झाली. कागद, कॉम्प्युटर, फोन तिच्याकडे, चाकं माझ्याकडे. म्हणाली, "ताई, त्याच्या क्लबात असल्या आठ गाड्या आहेत. एकाला हाकललंस की आठ गेल्या."

"जाऊ देत. एवढी शिकलीस, पण रबर कशाशी खातात ते तुला अजून कळत नाही."

बुटक्यासमोर बोलले. बुटका म्हणजे आमचा फिटर, अकरा वर्षं आमच्याकडे आहे. तो मान खाली घालून पाना पुसत राहिला. धाकटी गप्प बसली. एखादी गोष्ट पटली की ती गप्प बसते.

बुधवार, ६ तारीख

धाकटी आज फार गोड. सकाळी माझ्या हातात चहा आयता आला. मग म्हणाली, "ताई, उद्या दुपारी तुझी डॉक्टरणीकडे वेळ घेतलीय. गुडघा दाखवून ये." म्हटलं, गुडघा दोन वर्षं दुखतोय, उद्याच काय त्याची पत्रिका उघडली? तर म्हणे, "तू स्वतःकडे बघतच नाहीस." मला मेलीला एकदम भरून आलं. चिडचिड केली म्हणून बरं, नाहीतर तिला दिसलं असतं.

गुरुवार, ७ तारीख

डॉक्टरणीने गुडघा दोन मिनिटं दाबला आणि अर्धा तास भलतंच विचारलं. आज वार कोणता? शंभरातून सात काढा, त्यातून परत सात काढा. तीन वस्तूंची नावं सांगते, मघाशी कुठली सांगितली ते नंतर सांगा. म्हटलं, "बाई, गुडघ्याचा आणि वाराचा काय संबंध?" म्हणाली, "घरचे काळजी करतात, म्हणून विचारते." शंभरातून सात काढत काढत मी दोनपर्यंत आले. ती कंटाळली, मी नाही.

चारला दुकानात परत. टायर चढवायच्या मोठ्या मशीनचे पंजे रुंद चाकाच्या मापाला लावलेले. दुपारी कुठली रुंद चाकांची गाडी आली होती? बुटक्याला विचारलं तर म्हणाला, "साफ करत होतो." कधी नव्हे तो स्वतःहून साफ करतोय. शाबास म्हटलं. त्याने वरसुद्धा बघितलं नाही.

शनिवार, ९ तारीख

शनिवारी आठवड्याच्या कागदांवर सह्या करायच्या असतात. नियम असा आहे की जोरात पळणाऱ्या गाडीचा टायर परवाना असलेल्या फिटरनेच चढवायचा आणि कागदावर त्याची सही हवी. दुकानात परवाना फक्त माझ्याकडे. भिंतीवर काचेत आहे. चौथी नापास बाईच्या नावाने शिक्का असलेला एवढा एकच कागद या जगात आहे. तो मिळवायला तीनदा परीक्षेला बसले होते. हाताची परीक्षा पहिल्या दिवशीच पास झाले, लेखी मात्र तिसऱ्या खेपेला.

कागदावरचं अक्षर मुंगीएवढं. मला वाचायला एका कागदाला पाऊण तास लागतो. म्हणून धाकटी पेन्सिलीने फुली मारते आणि मी फुलीवर सही करते. आज तेवीस फुल्या होत्या.

दुपारी एका पाटी रंगवणाऱ्याचा फोन. "मॅडम, नव्या जागेची पाटी किती फुटांची धरू?" म्हटलं, नंबर चुकला तुझा.

सोमवार, ११ तारीख

दातांच्या डॉक्टरच्या गाडीला काल सकाळी अपघात झाला. क्लबाच्या दुसऱ्या एका गाडीवाल्याने सांगितलं. डोंगरात शिरायच्याही आधी, शहराबाहेरच्या वळणावर. रस्ता धुणारी गाडी नुकतीच गेली होती, रस्ता ओला. मागचा भाग सुटला, गाडी दोनदा फिरली आणि कठड्यावर आदळली. डॉक्टर वाचला. उजवं मनगट मोडलंय, पट्ट्या घातल्यात.

ऐकून मी तिथेच टायरवर बसले. दाताच्या माणसाचा उजवा हात.

मग राग आला. धाकटीला म्हटलं, "बघितलंस? मी नाही म्हटलं तर गेला असेल दुसरीकडे. कुठल्या गाढवाने चढवून दिले असतील? एवढी अक्कल नसलेल्या माणसाच्या हातात पाना देतातच कसे? असल्याचे हात तोडले पाहिजेत."

धाकटी म्हणाली, "पुरे ना, ताई." आणि तोंड धुवायला गेली. तिला रक्ताबिक्ताचं ऐकवत नाही. लहानपणापासून तशीच.

गुरुवार, १४ तारीख

परवाना कार्यालयाचा तपासणीस आला. सडपातळ माणूस, दर वाक्याआधी खोकतो. बसायला खुर्ची दिली तर रुमालाने पुसून बसला. म्हणाला, "निळ्या गाडीचे मागचे टायर तुमच्याकडे चढवलेत."

"नाही चढवले. मी नाही म्हटलं होतं."

त्याने कागद पुढे केला. खाली माझी सही. माझीच. शेवटच्या अक्षराची शेपटी मी खाली ओढते, तशीच ओढलेली.

मी ही वही काढून सोमवारचं पान दाखवलं. तो खोकून म्हणाला, "बाई, स्वतःच्या वहीत स्वतः लिहिलेलं कोण मानणार? उद्या मीही लिहीन की मी राजा आहे."

मी म्हटलं, "मग हिला विचारा. ही माझी बहीण, काउंटरवर हीच होती."

धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडेही नाही. टेबलावरच्या पेनाचं टोपण लावत होती आणि काढत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "ताईला हल्ली विसरायला होतं, साहेब. आम्ही डॉक्टरला दाखवतोय."

तपासणीस माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. लहान मुलाशी किंवा म्हाताऱ्याशी बोलतात तसा. तो आवाज कानातून जात नाही.

शुक्रवार, १५ तारीख

मी चढवले का? चढवले आणि विसरले?

आज दुकान उघडलंच नाही. रॅकसमोर उभी राहिले. डोळे मिटून पहिल्या रॅकवरच्या टायरची मापं म्हटली. एकोणचाळीस टायर, एकोणचाळीस मापं. डोळे उघडून ताडून पाहिली, सगळी बरोबर. वडिलांचा पहिला जॅक कोणाला विकला ते आठवलं. धाकटीला गोवर आला तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मी तिला अकरा दिवस मांडीवर घेऊन बसले, तेही आठवलं. निळ्या गाडीला ते कडक टायर चढवल्याचं आठवत नाही. पण विसरलेल्या माणसाला आपण विसरलो हे आठवणार कसं?

धाकटीने दारातून विचारलं, "ताई, काही हवंय का?" म्हटलं, नको. ती प्रेमानेच बोलली होती बहुतेक.

शनिवार, १६ तारीख

दातांच्या डॉक्टरला भेटायला गेले. खरंतर माफी मागायला गेले. हात गळ्यात बांधलेला, बोटं सुजून वांग्यासारखी. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "ताई, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही आधी बरोबरच सांगितलं होतंत. नंतर तुम्ही हो म्हणालात ते मला आवडायला नको होतं, पण आवडलं."

"मी कधी हो म्हणाले?"

"बुधवारी. तुमच्या बहिणीचा फोन आला की ताईने मॉडेल तपासलं, चालतंय म्हणते, गुरुवारी दुपारी गाडी आणा. आणि म्हणाल्या, ताईंसमोर विषय काढू नका. त्या हल्ली विसरतात, मग त्यांना वाईट वाटतं."

गुरुवारी दुपारी मी डॉक्टरणीकडे शंभरातून सात काढत होते.

डॉक्टर विचारत होता, "तुम्ही तेव्हा दुकानात नव्हता?" मी म्हटलं, "नव्हते." त्याला आणखी काही बोलायचं असावं. मी बसू शकले नाही. जिना उतरून रस्त्यावर आले.

मी काही विसरले नव्हते. केवढा आनंद व्हायला पाहिजे होता.

सोमवार, १८ तारीख

बुटक्याला मागच्या अंगणात नेलं. म्हटलं, "खरं बोल, नाहीतर हा जॅक आहे."

तो म्हणाला, "मला चढवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, मोठ्या ताई नाही म्हणाल्यात, मी हात लावणार नाही. मग धाकट्या ताईंनीच चढवले. बाह्या वर करून."

"आणि तू अकरा वर्षं माझा चहा पितोस, तरी तोंड उघडलं नाहीस?"

"तुम्ही दोघी बहिणी. आज भांडाल, उद्या एक व्हाल. मधल्यामधे मी नोकरीबाहेर."

त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं बोलला असता तर दिल्या असत्या.

तिथून मोडक्या गाड्या ठेवतात त्या आवारात गेले. तपासणीसाला तिथेच यायला सांगितलं होतं. गाडी ताडपत्रीखाली. पुढची चाकं बघितली. टायरवरचा पिवळा ठिपका हवेच्या नळीसमोर, चाकाचा तोल साधायची वजनं आतल्या कडेला. माझं काम. मग मागची. तिथेही ठिपका नळीसमोर, वजनं आतल्या कडेला. मीच शिकवलंय तिला, ती बारा वर्षांची असताना. सुट्टीत दुकानात यायची आणि माझी नक्कल करायची. पण कुठली बाजू बाहेर हवी ते टायरच्या कडेला इंग्रजीत लिहिलेलं असतं. डाव्या चाकाला ती बाजू आत गेलेली. टायर उलटा चढवलाय.

तपासणीस म्हणाला, "काय झालं?"

मी म्हटलं, "मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. मी हाताने ओळखते, बाहेरच्या बाजूला कड जाड लागते. बघा, तुम्हीच हात लावून बघा. तीस वर्षांत मी एक टायर उलटा चढवलेला नाही. हे काम हाताने न ओळखता अक्षरांवर विसंबणाऱ्याचं आहे, आणि घाईत तीही बघितली नाहीत."

त्याने हात लावून बघितला. खोकला नाही.

मंगळवार, १९ तारीख

तपासणीसाने दोन वाटा सांगितल्या. एक, मी म्हणायचं की टायर मीच चढवले, गिऱ्हाईकाचा हट्ट होता, चूक झाली. मग परवाना सहा महिने बंद, नंतर परत. दुसरी, मी म्हणायचं की चढवले नाहीत, न वाचता सही केली. तर परवाना कायमचा जातो, कारण न बघितलेल्या कामावर सही करणं हा चुकीपेक्षा मोठा गुन्हा. आणि ज्याने परवान्याशिवाय चढवले त्याच्यावर खटला. "विचार करा," म्हणाला. "पहिली वाट बहुतेक लोक घेतात."

धाकटीला सांगितलं. तिने कपड्यांची घडी घालता घालता ऐकलं. मग समोर येऊन बसली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"सहाच महिने, ताई. सहा महिने तू आराम कर. मी सगळं सांभाळते."

"का केलंस?"

"तो आठही गाड्या आणणार होता. मोठ्या रस्त्यावर जागा बघितलीय मी. काचेची. त्याच्याच ओळखीने मिळतेय."

"मला न सांगता?"

"सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, रबर कशाशी खातात ते तुला कळत नाही. बुटक्यासमोर म्हणाली असतीस." तिचा आवाज चढला. "बावीस वर्षं काउंटरमागे बसलेय मी. माणूस आत येतो आणि मला ओलांडून विचारतो, मोठ्या ताई आहेत का? आणि घरी काय? 'मी शाळा सोडली म्हणून तू शिकलीस.' जेवताना तेच, झोपताना तेच. मी सांगितलं होतं का तुला शाळा सोड म्हणून? मी पाळण्यात होते तेव्हा!"

हे मात्र खरं आहे. तिने सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "आणि मला वेडी ठरवलंस."

तिने मांडीवरची घडी परत उलगडली. मग म्हणाली, "वेडी नाही म्हणाले. विसरते म्हणाले."

गुरुवारी तपासणीस आला होता, शुक्रवारी मी रॅकसमोर डोळे मिटून मापं म्हणत उभी होते. ही दारातून बघत होती. हिला ठाऊक होतं मी काय करतेय आणि का करतेय. एक शब्द बोलली असती तर मी थांबले असते. विचारलं काय, तर काही हवंय का.

टायरचं मी कदाचित गिळलं असतं. घरातलं आहे, म्हटलं असतं, मेलं ते काचेचं दुकान, मेली ती सही. पण ते दारातलं गिळत नाही.

गुरुवार, २१ तारीख

कार्यालयात गेलो, दोघी एकाच बसने. वाटेत ती म्हणाली, "ताई, पहिलीच वाट ना?" मी उत्तर दिलं नाही. तिने ते हो धरलं असावं, कारण माझी पिशवी तिने घेतली.

तपासणीसाने विचारलं, "काय लिहू?"

म्हटलं, "लिहा. सही माझी, काम माझं नाही."

धाकटीने खुर्ची मागे सरकवली. तपासणीस म्हणाला, "बाई, परवाना कायमचा जाईल. परत परीक्षेलाही बसता येणार नाही. कळतंय ना?" तोच आवाज, लहान मुलाशी बोलायचा.

"साहेब, मला सगळं कळतं. वारही कळतो, आज गुरुवार आहे. पहिल्या वाटेने गेले तर तो उलटा टायर जन्मभर माझ्या नावावर राहील. त्या माणसाचं मनगट माझ्या नावावर राहील. मी केलेल्या चुका पुष्कळ आहेत, त्या घालायच्या तेवढ्या घाला. न वाचता सही केली, ती घाला. ही नाही."

"मग कोणी चढवला?"

मी बोटाने दाखवलं. नाव घ्यायला जीभ वळेना.

धाकटी म्हणाली, "ताई." एवढंच.

लिहून झाल्यावर त्याने कागद सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी म्हटलं, बोट काढा. चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. दोन पानं. सव्वा तास लागला. कोणी बाहेर गेलं नाही. एके ठिकाणी धाकटीने टायर 'बहिणीच्या संमतीने' चढवले असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर धाकटी म्हणाली, "आता मी कुठे जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कायम तयार असायचं. तापात, नापास झाली तेव्हा, लग्न मोडलं तेव्हा. आजही जिभेवर आलं होतं. मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि थांब्यावर आलेल्या बसमध्ये चढले. शेजारची जागा रिकामी होती. तिला दिसत होती. मी हाक मारली नाही, तीही चढली नाही.

मागे वळून बघितलं नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कुणाशी तरी फोनवर बोलत होती.